झडती आणि नोंद

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. पश्चिम भारतातल्या सार्वजनिक आरोग्याच्या आधुनिक इतिहासाची सुरुवात तिथून धरायला हरकत नाही. देवी, पटकी आणि दुष्काळ या भूमीला नवे नव्हते. पण सरकारने घराघरांत माणसे पाठवून रोग शोधायचा, मोजायचा आणि अडवायचा, हे एवढ्या मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा प्लेगमुळे घडले. पुढच्या सव्वाशे वर्षांत मुंबई-पुण्याच्या टापूत साथींवर, आहारावर, मधुमेह आणि हृदयविकारावर जे संशोधन झाले, त्याची कहाणी सहसा प्रयोगशाळांची आणि शास्त्रज्ञांची म्हणून सांगितली जाते. ती खोटी नाही, अपुरी आहे. कोण आजारी पडले, चुलीवर काय शिजले, मूल केव्हा जन्मले आणि त्याचे वजन किती भरले, ही माहिती शेवटी कोणाच्या तरी घरातूनच येते. ती मिळवण्याचे दोन मार्ग या इतिहासात दिसतात. एक झडतीचा, दुसरा नोंदीचा. झडती घरच्यांना संशयित धरते, नोंद त्यांना भागीदार मानते. रोगाबद्दलचे टिकाऊ ज्ञान आपल्याला नोंदीने दिले, झडतीने जवळजवळ काहीच दिले नाही. आणि रोग जितका संथ गतीचा, तितका हा फरक मोठा होत जातो, असे या इतिहासावरून माझे मत बनले आहे.

झडतीचा धडा पुण्याने सर्वांत कठोरपणे शिकला. फेब्रुवारी १८९७ मध्ये अवघ्या चार कलमांचा साथरोग कायदा आला आणि त्याच महिन्यात पुण्याच्या प्लेगबंदोबस्ताची सूत्रे वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याकडे गेली. मार्चपासून मे महिन्यापर्यंत लष्कराच्या तुकड्या पेठांतून फिरल्या. घरे उघडायची, आजारी माणसाला प्लेगच्या रुग्णालयात न्यायचे, घरच्यांना विलगीकरण छावणीत ठेवायचे, कपडालत्ता जाळायचा, जमीन आणि मोऱ्या कार्बोलिकने धुवायच्या, भिंतींना चुना फासायचा, अशी ही पद्धत होती. देवघरात आणि स्वयंपाकघरात शिरलेले सोजिर, स्त्रियांची परक्या पुरुषांकडून होणारी तपासणी, यांविषयीच्या तक्रारींनी त्या महिन्यांतली वर्तमानपत्रे भरली. पंडिता रमाबाईंनी स्त्रियांच्या वाट्याला आलेल्या वागणुकीबद्दल जाहीर टीका केली. त्याच मार्चमध्ये सावित्रीबाई फुले पुण्याजवळ आपला मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता, प्लेगनेच गेल्या. एकाच शहरात, एकाच महिन्यात रुग्णापर्यंत पोहोचण्याच्या या दोन रीती शेजारी शेजारी उभ्या होत्या. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. आपण ही घटना स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात वाचतो. तिचे दुसरे वाचन आरोग्याच्या इतिहासात व्हायला हवे, कारण झडतीचे अपयश झडतीच्याच हिशेबात दिसते. दोन लाखांहून अधिक वेळा घरे तपासली गेली आणि त्यातून हाती लागलेले रुग्ण काहीशेच होते.

एवढ्या खटाटोपाचे फळ इतके थोडे का, याची दोन कारणे आहेत. पहिले कारण माणसांचे वागणे. रुग्ण सापडला की घर मोडते, हे कळल्यावर लोक रुग्ण लपवू लागले, मृत्यू दडवू लागले, गाव सोडून जाऊ लागले. म्हणजे ज्या उपायाने रोग उजेडात यायचा, त्याच उपायाने तो अंधारात गेला आणि गाव सोडणाऱ्यांबरोबर पसरायला वाव मिळाला. दुसरे कारण अज्ञानाचे. झडती घेणाऱ्यांना रोग कसा पसरतो हे ठाऊक नव्हते. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदरावरच्या पिसवेचा धागा कराचीत जोडला तो १८९८ मध्ये, आणि त्याच्यावर तेव्हा फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ पासून मुंबईत परळला काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने उंदीर, पिसू आणि माणूस ही साखळी प्रयोगांनी पक्की केली. १८९७ मध्ये सैनिक शोधत होते माणसे; रोग होता उंदरांच्या अंगावर. माहिती नसताना बळ वापरले, की ते चुकीच्या जागी पडते आणि नवी माहिती यायचा रस्ताही बंद करते.

याच काळात मुंबईत वाल्डेमार हाफकिन या जंतुशास्त्रज्ञांनी वेगळा मार्ग दाखवला. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या तोकड्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात साथ आली असता तयार झालेल्या कैद्यांना लस देऊन, न घेतलेल्या कैद्यांशी त्यांची तुलना केली गेली. कैद्याची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न आज आपण विचारला पाहिजे आणि त्याचे उत्तर अवघड आहे. पुढच्या वर्षी बडोदे संस्थानातल्या उंधेरा गावात झालेली चाचणी या दृष्टीने अधिक मोलाची ठरते. तिथे कुटुंब हे हिशेबाचे एकक धरले गेले आणि एकाच घरातल्या काहींना लस देऊन काहींना तसेच ठेवले गेले. त्यामुळे घर, अन्न, वस्ती, उंदीर सगळे समान राहिले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २६ दगावले, घेतलेल्या ७१ जणांपैकी ३. इतका स्पष्ट निष्कर्ष निघाला, कारण कोणाला काय दिले आणि त्याचे पुढे काय झाले हे घरागणिक नोंदले होते. पुण्यातल्या लाखो झडत्यांनी जे सांगितले नाही ते एका खेड्यातल्या काळजीपूर्वक नोंदीने सांगितले.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. साथ म्हणजे आणीबाणी, तिथे संमतीची वाट पाहत बसायला वेळ नसतो, आणि एकाच्या नकाराची किंमत शेजाऱ्याला मोजावी लागते. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. रुग्णाची खबर देणे बंधनकारक असावे, संसर्गाच्या काळात काही दिवस वेगळे राहणे सक्तीचे असावे, हे मलाही मान्य आहे. पण पुण्याचा अनुभव या आक्षेपाच्या बाजूने साक्ष देत नाही. प्लेग काही आठवड्यांचा पाहुणा नव्हता. तो पुढे कित्येक वर्षे परत परत येत राहिला आणि देशभरात त्याने एक कोटीहून अधिक बळी घेतले. इतक्या लांब चालणाऱ्या साथीत पहिल्या तीन महिन्यांत गमावलेला विश्वास पुढची सगळी वर्षे महाग पडतो. खुद्द सरकारला हे उमगले. काही वर्षांतच सक्तीची धार बोथट करण्यात आली, स्थानिक लोकांचे साहाय्य घेतले जाऊ लागले आणि लस ऐच्छिक ठेवली गेली. आणीबाणीत वेळ नसतो हे खरे, म्हणूनच विश्वास आधी कमावलेला असावा लागतो. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरत असल्याची आणि आसपासची माणसे तापाने फणफणल्याची खबर वर पोहोचली, म्हणूनच १९५२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राला गोचिडीतून पसरणारा एक नवा विषाणू सापडला. मेलेले माकड पाहून कोणी गप्प बसला असता, तर प्रयोगशाळेतली उपकरणे काही करू शकली नसती.

साथीत निदान रोग स्वतः हाक तरी मारतो. कुपोषण तसे करत नाही, म्हणून तिथे घरातल्या माणसाच्या सहकार्याची गरज आणखी वाढते. १९२८ मध्ये ल्युसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या, त्या गरोदर स्त्रियांना होणाऱ्या एका जीवघेण्या रक्तक्षयाचा शोध घ्यायला. या रक्तक्षयात रक्तपेशी आकाराने मोठ्या होत, आणि गरीब वस्तीतल्या, विशेषतः मुस्लिम कष्टकरी कुटुंबांतल्या गरोदर बायका त्याला अधिक बळी पडत. जंतू शोधण्याच्या त्या जमान्यात विल्स यांनी जंतूबरोबर ताटाकडेही पाहिले. मानेक तळपदे या सहकारी डॉक्टरबरोबर त्यांनी मुंबईतल्या स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली, त्या आहारावर प्राणी पोसून पाहिले आणि यीस्टच्या स्वस्त अर्काने, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या मार्माइटने, हा रक्तक्षय बरा होतो असे १९३१ मध्ये जाहीर केले. ज्याला प्रथम विल्स फॅक्टर म्हटले गेले ते द्रव्य पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखले गेले. आज जगभर गरोदर बाईच्या हातात पडणाऱ्या गोळीचा उगम असा मुंबईच्या गरीब स्त्रियांच्या जेवणात आहे. त्या स्त्रियांची नावे कोणत्याही शोधनिबंधात नाहीत, पण आपण काय खातो हे त्यांनी सांगितले नसते तर तो निबंधच झाला नसता.

हृदयविकाराच्या बाबतीत हा धागा आणखी लांबतो. हृदयविकार म्हटले की आपल्याला मध्यमवयीन माणसाचे सिगारेट, तेलतूप आणि ताण आठवतात. ते गैर नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम या गावात १९४८ पासून ५,२०९ स्त्री-पुरुषांचा मागोवा घेऊन रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा धोका सिद्ध झाला. पण इंग्लंडच्या हर्टफर्डशर परगण्यातल्या जुन्या वह्यांनी प्रश्न आणखी मागे नेला. एथेल मार्गारेट बर्नसाइड या तिथल्या मुख्य आरोग्यसेविकेने १९११ पासून अशी व्यवस्था लावली होती की परिचारिकांनी प्रत्येक बाळाच्या घरी जायचे, जन्माचे आणि वर्षाचे झाल्यावरचे वजन लिहायचे. हेतू साधा होता, मूल जगावे. या वह्या दशकानुदशके जपल्या गेल्या. डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मिळवून १९११ ते १९३० मध्ये जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचे पुढे काय झाले ते शोधले आणि १९८९ मध्ये मांडले, की बाळपणी ज्यांचे वजन सर्वांत कमी होते त्यांच्यात हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण सर्वांत जास्त होते. गरिबीतून आलेली उपासमार आणि सुबत्तेतून आलेला हृदयविकार हे दोन वेगळ्या जगांचे रोग मानले जात. त्या वह्यांनी ते एकाच आयुष्याची दोन टोके असू शकतात हे दाखवले.

हा विचार भारताला जितका लागू होता तितका क्वचितच कुठल्या देशाला होता. ५२ देशांतल्या पाहणीतून २००४ मध्ये दिसले, की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षाच्या सुमारास येतो, इतर देशांत तो जवळपास ५९ व्या वर्षी. इथली माणसे फार लठ्ठ नाहीत, मग असे का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी साउथॅम्प्टनच्या कॅरोलाइन फॉल यांच्याबरोबर १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत या प्रश्नाला हात घातला. अभ्यासाची पद्धत डोळ्यांपुढे आणावी अशी आहे. खेड्यातल्या दोन हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांकडे दरमहा आरोग्य कार्यकर्ती जायची आणि पाळीची तारीख लिहायची, म्हणजे दिवस राहिले तर ते लवकर कळावे. ग्रामीण महाराष्ट्रात हा प्रश्न सासूसमोर, जावांसमोर विचारणे आणि खरे उत्तर मिळणे, हेच मोठे काम आहे. मग गरोदरपणी आहाराची, कामाची आणि रक्ताची मोजमापे, बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत बाळाचे वजन, लांबी, कातडीखालच्या चरबीची जाडी. बाळांचे वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास भरले. साउथॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन. पण हा लहानखुरेपणा सगळ्या अंगांत सारखा नव्हता. स्नायू फार कमी आणि पोटातले अवयव फार लहान होते, चरबी मात्र बरीचशी राखलेली होती. २००३ मध्ये जगासमोर आलेले हे हडकुळे तरी चरबीयुक्त भारतीय बाळ, पुढच्या मधुमेहाची आणि हृदयविकाराची बीजे जन्मतःच घेऊन येत असावे, असा तर्क त्यातून निघाला.

आईच्या आहाराबद्दलची निरीक्षणे तितकीच बोलकी होती. ज्या स्त्रिया दूध, पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा खात त्यांची बाळे मोठी होती. ज्यांच्या वाट्याला शेतात राबण्याचे आणि पाणी वाहण्याचे कष्ट अधिक त्यांची लहान. दोन तृतीयांश स्त्रियांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले, फॉलेट मात्र जवळजवळ कोणालाच कमी नव्हते. याच मुलांना सहाव्या वर्षी पुन्हा तपासले, तेव्हा आईच्या रक्तात फॉलेट जास्त आणि बी-१२ कमी असलेल्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत अधिक दिसली. विल्स यांच्या मुंबईत फॉलेट हवे होते आणि नव्हते; सहा-सात दशकांनंतर पुण्याच्या खेड्यांत ते होते, त्याच्या जोडीचे दुसरे जीवनसत्त्व नव्हते. आपला राष्ट्रीय कार्यक्रम अजूनही गरोदर स्त्रीला लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी देतो. ती आवश्यक आहेच, पण एका काळाचे उत्तर दुसऱ्या काळाला जसेच्या तसे पुरत नाही, आणि हे कळायला पुन्हा घराघरांत जावे लागते.

इथे संशोधनाच्या बाजूने दुसरा आक्षेप येतो. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. पालेभाजी खाणारी स्त्री कदाचित थोड्या बऱ्या स्थितीतल्या घरातली असेल. शरीराची ठेवण कदाचित आनुवंशिक असेल. हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला युक्तिवादाने नव्हे, प्रयोगानेच उत्तर द्यावे लागते. मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६ पासून तसा प्रयोग झाला. काही स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून पालेभाज्या, फळे आणि दूध घातलेला रोजचा खाऊ दिला, काहींना कमी पोषणाचा. एकंदरीत पाहता बाळांच्या वजनात खात्रीलायक फरक पडला नाही. गर्भ राहण्याआधी किमान तीन महिने हा खाऊ घेतलेल्या स्त्रियांच्या बाळांचे वजन मात्र सरासरी ४८ ग्रॅमने वाढले, आणि गरोदरपणातल्या मधुमेहाचे प्रमाण १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष डोळे दिपवणारे नाहीत, प्रामाणिक आहेत. पुण्याच्या खेड्यांत १९९३ नंतर जन्मलेली मुले-मुली वयात आल्यावर त्यांनाच २०१२ पासून बी-१२ देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो ते पाहण्याचे काम हाती घेतले गेले. जे बाळ म्हणून मोजले गेले तेच आता आईबाप म्हणून अभ्यासात राहतात, ही गोष्ट कोणत्याही कायद्याच्या कलमाने घडवता आली नसती.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. नोंद ही झडतीचीच सौम्य बहीण नाही का? स्त्रीची पाळी, तिचे ताट, तिच्या बाळाची चरबी लिहून घ्यायची, निबंध परदेशात छापायचा आणि शेवटी दोष आईच्याच पदरी टाकायचा! हा धोका खरा आहे. संशोधनाचे निष्कर्ष 'आईने नीट खाल्ले नाही' अशा उपदेशात उतरले, तर नोंदही झडतीच ठरेल. पण या अभ्यासांनी प्रत्यक्षात सांगितले ते कामाचे ओझे, न परवडणारे दूध आणि पाण्याचा हंडा यांविषयी, आणि त्यांची उत्तरे पाणीपुरवठ्यात, मजुरीत, रेशनात, घरातल्या कामाच्या वाटणीत शोधायची आहेत. नोंद न्याय्य असायची तर तिचा लाभ नोंद देणाऱ्या गावाला आधी मिळाला पाहिजे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हेच करून दाखवले. गावातल्याच स्त्रियांना शिकवून त्यांच्याकडे नवजात बाळांची घरच्या घरी देखभाल सोपवली, शेजारच्या गावांशी तुलना ठेवली, आणि १९९९ मध्ये जाहीर केले की नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. तिथे माहिती लिहिणारा हात आणि बाळाला वाचवणारा हात एकच होता. पुढे २०११ मध्ये ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेण्याचे धोरण ठरले.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने १८९७ चाच साथरोग कायदा पुन्हा लागू केला. सक्ती, पोलीस आणि काठी तेव्हाही होतीच. पण वस्त्यावस्त्यांत दारे ठोठावून ताप, खोकला आणि प्राणवायूची पातळी लिहून घेतली ती मुख्यतः आशाताईंनी आणि अंगणवाडी सेविकांनी, आणि ती दारे उघडली, कारण त्याच बायका त्या घरातल्या बाळाला लस द्यायला आणि गरोदर सुनेची विचारपूस करायला वर्षानुवर्षे येत होत्या. साथ, पोषण आणि हृदयविकार हे आपण तीन खात्यांत वाटून टाकले आहेत, पण लोकांच्या बाजूने पाहिले तर ती एकच ये-जा आहे. म्हणून सार्वजनिक आरोग्यासाठी खर्चाचा विचार करताना प्रयोगशाळेइतकाच या स्त्रियांचा विचार झाला पाहिजे. त्यांना मानधनावर राबवत ठेवायचे आणि साथ आली की योद्धा म्हणायचे, हे १८९७ पासून काहीच न शिकल्याचे लक्षण आहे. त्यांना नियमित वेतन, प्रशिक्षण आणि आपल्या नोंदींवर अधिकार मिळावा. त्यांनी गोळा केलेल्या माहितीचे निष्कर्ष ग्रामसभेत मराठीत मांडले जावेत. पुढची साथ कधी येईल हे सांगता येत नाही. आज जन्मणाऱ्या मुलांची हृदये चाळिशी-पन्नाशीत कशी असतील, ते मात्र आजच्या ताटात आणि आजच्या कष्टात ठरते आहे, आणि ते वेळेवर कळायचे तर दारात जाणाऱ्या या माणसांना टिकवण्यावाचून दुसरा मार्ग नाही.